टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत : जुन्या मोटारींतील इंधनपुरवठ्याच्या दोषनिदानाचा इतिहास (१८८८ ते २०२३)

गोषवारा

मोटारीच्या इतिहासलेखनात शोध, कारखाने आणि कारखानदार यांना जे स्थान मिळाले ते दुरुस्तीला मिळालेले नाही. प्रस्तुत निबंधात पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारींतील इंधनपुरवठ्याचे दोष कसे ओळखले जात, याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. इंधन इंजिनापर्यंत नेण्याची व्यवस्था जसजशी बदलली, तसतसे दोष ओळखण्याचे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले. प्रथम ते चालकाकडे होते, पुढे गॅरेजमधील मिस्त्रीकडे आले आणि अखेरीस वाहनातील संगणक व त्याचा उत्पादक यांच्याकडे सरकले. या स्थलांतराचा अर्थ लावणे आणि मिस्त्रीच्या ज्ञानाची नोंद होण्याची निकड स्पष्ट करणे, हा निबंधाचा हेतू आहे.

बीजशब्द : मोटार दुरुस्ती, कार्बोरेटर, एसी पंप, दोषनिदान, प्रीमियर पद्मिनी, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे शोधांचा इतिहास, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या समजुतीला आव्हान दिले. वस्तूचा शोध केव्हा लागला यापेक्षा ती प्रत्यक्ष किती काळ, कोणी आणि कशी वापरली, तिची निगा कोणी राखली, हे प्रश्न इतिहासकाराने विचारले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे. केविन बोर्ग यांनी अमेरिकेतील मोटार मेकॅनिकांवरील २००७ मधील ग्रंथात हीच दृष्टी दुरुस्तीच्या व्यवसायाला लावली. भारतासारख्या देशात या दृष्टीचे महत्त्व अधिक आहे. कारण येथे एकच नमुन्याची मोटार तीन-चार दशके तयार होत राहिली आणि ती रस्त्यावर टिकली ती मुख्यतः दुरुस्तीच्या बळावर.

दुरुस्तीतील सर्वांत अवघड भाग सुटे भाग बदलण्याचा नसून दोष ओळखण्याचा असतो. त्यातही इंधनपुरवठ्याचा दोष विशेष फसवा असतो. तुटलेला पट्टा किंवा फुटलेली नळी डोळ्यांना दिसते, परंतु पेट्रोल बंद नळीतून, बंद पंपातून आणि बंद कार्बोरेटरमधून जाते. ते कोठे अडले हे बाहेरून दिसत नाही. शिवाय गाडी गॅरेजात उभी असताना व्यवस्थित चालते आणि चढावर बंद पडते. म्हणून येथे लक्षणांवरून कारणाकडे जाण्याची एक शिस्त लागते. ही शिस्त कोणी, कोणत्या परिस्थितीत घडविली आणि तिचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. टोपीची पिन आणि घाटाचा चढ : चालकाकडील ज्ञान

मोटारीच्या पहिल्या दूरच्या प्रवासातच इंधनपुरवठ्याचा दोष उद्भवला होता. कार्ल बेन्झ यांच्या तीनचाकी मोटारीला १८८६ मध्ये पेटंट मिळाले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ यांनी दोन मुलांना घेऊन जर्मनीतील मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत व्हीसलॉख येथील औषधांच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन हे इंधन म्हणून वापरले जाणारे द्रावण घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा ती त्यांनी आपल्या टोपीच्या पिनेने मोकळी केली, असे या प्रवासाच्या वृत्तान्तात सांगितले जाते. या प्रसंगाकडे बहुधा धाडसाची कथा म्हणून पाहिले जाते. तथापि त्यात दोषनिदानाचा एक पूर्ण क्रमही आहे. इंजिन बंद पडले, कारण इंधन पोहोचत नव्हते. आणि इंधन पोहोचत नव्हते, कारण नळीत कचरा होता. चालक, मालक आणि दुरुस्ती करणारी व्यक्ती येथे एकच होती.

बेन्झ यांच्या मोटारीत हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जाताना त्याची वाफ उचलत असे. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनीही तशाच रचनेचे पेटंट मिळविले. फ्लोटने राखलेली इंधनाची ठरावीक पातळी आणि बारीक छिद्राच्या जेटमधून हवेच्या ओढीने उडणारा फवारा, ही या रचनेची दोन अंगे होत. पुढील जवळजवळ शंभर वर्षांतील इंधनपुरवठ्याचे बहुतेक दोष या दोन अंगांशी निगडित राहिले. पातळी वाढली तर इंजिन पेट्रोलने भरते, पातळी घटली तर इंजिन उपाशी राहते आणि छिद्रात कण अडकला तर फवाराच थांबतो.

कार्बोरेटरपर्यंत इंधन पोहोचविण्याचे काम आरंभी गुरुत्वाकर्षणावर सोपविलेले होते. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीत प्रदीर्घ काळ टाकी पुढच्या आसनाखाली असे. टाकी अर्धी रिकामी असताना उभ्या चढावर गाडी आली की कार्बोरेटर टाकीतील पातळीच्या वर जाई आणि इंजिन बंद पडे. तेव्हा चालक गाडी वळवून उलटी चढवीत. हा उपाय यंत्राला हात न लावता केलेला असला तरी त्यामागे दोषाचे अचूक निदान होते.

यानंतर आलेल्या व्हॅक्यूम टाकीच्या व्यवस्थेत इंजिनाची स्वतःची ओढ वापरून मागील मोठ्या टाकीतील पेट्रोल इंजिनाजवळच्या छोट्या टाकीत आणले जाई व तेथून ते आपोआप खाली उतरे. या रचनेची उणीवही घाटातच उघडी पडे. लांब चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला की इंजिनाची ओढ क्षीण होते. छोटी टाकी भरेनाशी होते आणि ती संपली की गाडी थांबते. जाणता चालक मधूनमधून क्षणभर पाय उचलून ही टाकी भरून घेई. थोडक्यात, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत इंधनपुरवठ्याचे ज्ञान गाडी चालविण्याच्या कौशल्यापासून वेगळे झालेले नव्हते.

२. ‘एसी पंप’ : एका शब्दातील इतिहास

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रॅमचा यांत्रिक पंप प्रचारात आला. टाकी गाडीच्या मागे, इंजिन पुढे आणि दोहोंमध्ये हा पंप, अशी मांडणी पुढे सर्वत्र स्थिर झाली. हा पंप लोकप्रिय करणाऱ्या उत्पादकांत अमेरिकेतील फ्लिंट येथील ‘एसी’ कंपनी अग्रेसर होती. तिच्या नावातील दोन अक्षरे संस्थापक अल्बर्ट चॅम्पियन यांच्या नावाची आद्याक्षरे होत. भारतातील गॅरेजांत कोणत्याही उत्पादकाचा यांत्रिक पंप ‘एसी पंप’ या नावानेच ओळखला जाऊ लागला. वातानुकूलनाशी या ‘एसी’चा संबंध नाही, हे आज समजावून सांगावे लागते. ज्या इतिहासाची कागदपत्रे गॅरेजात कोणी ठेवली नाहीत, तो अशा रीतीने शब्दात टिकून राहिला.

या बदलाला भारतात एक आर्थिक पार्श्वभूमी लाभली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर उत्पादनाचा निश्चित कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना केवळ जुळणी करू न देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी भारतातील जुळणी थांबविली. क्षेत्र उरले ते मुख्यतः देशी कंपन्यांना. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी या इटालियन नमुन्याची गाडी तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. उत्तरपारा येथे तयार होणारी ‘अॅम्बेसेडर’ तर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत उत्पादनात राहिली.

नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागत असल्याने जुनी गाडी चालू ठेवणे ही गरज होती. नमुना फारसा बदलत नसल्याने एका गाडीवर मिळविलेला अनुभव पुढील वीस वर्षे उपयोगी पडत असे. १९५० मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा यांनी औपचारिक शिक्षणाची वाट उघडली, तरी असंख्य मिस्त्री कोवळ्या वयात गॅरेजात येऊन, भाग धूत आणि पाने हातात देत शिकले. चालक आणि मिस्त्री ही दोन माणसे आता वेगळी झाली. चालक लक्षण सांगू लागला, मिस्त्री कारण शोधू लागला.

३. निदानाची रीत

‘गाडी मिसिंग मारते’, ‘पिकअप घेत नाही’, ‘पेट्रोल खेचत नाही’, ‘ओव्हर होते’ ही गॅरेजची भाषा ऐकणाऱ्याला ढोबळ वाटते. वस्तुतः तीत लक्षणांचे वर्गीकरण दडलेले आहे. त्या वर्गीकरणाच्या आधारे पद्मिनीसारख्या गाडीवर चालणारे निदान पाच पायऱ्यांत मांडता येते.

पहिला प्रश्न असे तो दोष पेट्रोलचा की करंटचा. प्रज्वलनाचा दोष असल्यास इंजिन बहुधा बटण दाबल्यासारखे एकदम बंद पडते. पेट्रोल कमी पडत असेल तर ते आचके देत, हळूहळू दम तोडते आणि कधी कार्बोरेटरमधून उलटा फटका येतो. स्पार्क प्लग काढून पाहिला की दुसरा पुरावा मिळे. काजळीने काळा झालेला प्लग पेट्रोल जास्त झाल्याचे, तर पांढुरका प्लग ते कमी पडल्याचे सुचवितो. विटकरी छटा ही प्रकृती ठीक असल्याची खूण.

दुसरी पायरी कार्बोरेटरच्या तोंडाशी होती. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढायचा आणि अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढून आत पाहायचे. पेट्रोलची स्पष्ट पिचकारी दिसली तर फ्लोटच्या भांड्यात इंधन आहे, म्हणजे दोष बहुधा जेटमध्ये अथवा पुढे आहे. पिचकारी दिसली नाही तर भांडे कोरडे असल्याचा संशय बळावतो आणि मागे टाकीच्या दिशेने जावे लागते. या एका कृतीने शोधाचे क्षेत्र निम्मे होई.

तिसऱ्या पायरीत कार्बोरेटरकडील नळी सोडवून बाटलीत धरीत व इंजिन स्टार्टरने फिरवीत. पंप निरोगी असल्यास पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात येते. या पंपाचा दाब दर चौरस इंचाला साधारण तीन ते पाच पौंड, म्हणजे फार थोडा असतो. म्हणून किंचित झीजही परिणाम करते. ठोके क्षीण असतील तर डायफ्रॅम अथवा झडपा यांच्यावर लक्ष जाई. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल पंपाच्या पोटातील छिद्रातून गळते किंवा इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. मिस्त्री ऑइलची पट्टी काढून हुंगत असे, ती याच कारणासाठी. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पट्टीवर वाढलेली पातळी, ही फाटलेल्या डायफ्रॅमची साक्ष मानली जाई.

चौथी पायरी अधिक सूक्ष्म होती. पंपाच्या पुढील नळीला छिद्र पडले तर पेट्रोल बाहेर गळते व दिसते. पंपाच्या मागील नळीला चीर गेली तर पेट्रोल गळेलच असे नाही. त्याऐवजी हवा आत ओढली जाते. गळती नसताना पंप पेट्रोल खेचत नसेल तर या हवेचा संशय घ्यायचा, हे अनुभवाने शिकावे लागे.

पाचवी आणि शेवटची जागा टाकीची. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले तर पेट्रोल जसजसे उपसले जाते तसतशी आत पोकळी निर्माण होते आणि काही किलोमीटरनंतर गाडी थांबते. थोडा वेळ उभी केली की ती पुन्हा चालू होते. अशा वेळी झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज आला की निदान पूर्ण होई. ज्या दोषासाठी पंप, कार्बोरेटर आणि फिल्टर सारे बदलले जाऊ शकले असते, तो टाचणीने छिद्र मोकळे करून दूर होत असे.

या पायऱ्यांचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक कृती एखादी शक्यता बाद करते. आधी स्वस्त आणि सोपी चाचणी, मग खर्चिक. आधी पाहणे, मग खोलणे. हा क्रम ज्याच्या हाताला वळण म्हणून बसला होता त्याने तो तर्कशास्त्राच्या पुस्तकातून घेतला नव्हता. तरीही त्याला अनुमानाची पद्धती म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

४. उष्णता, घाट आणि भेसळ

युरोपातील रचना येथे वापरताना स्थानिक परिस्थितीने नवे दोष निर्माण केले. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक तुलनेने कमी तापमानालाच उकळू लागतात. यांत्रिक पंप इंजिनला चिकटलेला असतो आणि तो पेट्रोल ओढताना नळीतील दाब आणखी घटवितो. मे महिन्यातील दुपार, चढाची वाट आणि सावकाश चाललेली गाडी यांचा योग जुळला की नळीतच वाफेचे बुडबुडे होतात. द्रव ढकलण्यासाठी बनविलेला पंप वाफ ढकलू शकत नाही. या दोषाला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. गॅरेजात त्याला सरसकट ‘एअर धरली’ असेही म्हटले जाई. पंपावर ओले फडके गुंडाळणे आणि बॉनेट उघडून गाडी निवू देणे, हा त्यावरचा सर्वपरिचित उपाय होता. फडक्यातील पाण्याचे बाष्पीभवन होताना पंपाची उष्णता कमी होते, एवढे साधे विज्ञान त्यामागे होते.

दुसरा दोष यंत्राचा नव्हताच. अनुदानित केरोसीन आणि पेट्रोल यांच्या किमतींतील तफावतीमुळे भेसळीचा व्यापार वाढला. केरोसीन सावकाश बाष्पीभूत होते, इंजिनात ठोका निर्माण करते आणि धूर वाढविते. त्यामुळे इंजिन नीट चालत नसेल तर मिस्त्रीला इंधनाच्या मार्गाइतकाच इंधनाचाही विचार करावा लागे. फिल्टर पेपरवर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे, ही चाचणी पेट्रोल पंपांवर ग्राहकांसाठी उपलब्ध करण्यात आली. भेसळीचा प्रश्न केवळ इंजिनापुरता नव्हता. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधन भेसळीविरुद्धच्या कारवाईदरम्यान जिवंत जाळण्यात आले. गॅरेजातील काळ्या पडलेल्या प्लगमागे कोणती व्यवस्था उभी असू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

५. या ज्ञानाच्या मर्यादा आणि त्याची किंमत

मिस्त्रीच्या ज्ञानाचे केवळ गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यात चुकीच्या रूढीही होत्या. तुंबलेला जेट हवेने फुंकून साफ करावा, हा नियम असताना तो पुष्कळदा तारेने कोरला जाई. पितळेचे ते मोजून पाडलेले छिद्र त्यामुळे मोठे होई आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागे. वारंवार तुंबणारा फिल्टर साफ न करता काढून टाकण्याची वाईट खोडही होती. निदान बरोबर आणि उपाय चुकीचा, अशी ही उदाहरणे होत.

अधिक गंभीर बाब शरीराची होती. वास, चव, स्पर्श आणि श्रवण यांच्या साहाय्याने निदान करणाऱ्या माणसाचे शरीर हेच त्याचे मापनयंत्र होते. टाकीतील पेट्रोल नळीने तोंडाने ओढणे, जेट तोंडाने फुंकणे, पेट्रोलने हात धुणे या गोष्टी नित्याच्या होत्या. त्या काळातील पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे आणि पेट्रोलमधील बेन्झीन हे कर्करोगकारक द्रव्य आहे. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत उपलब्ध झाले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. तोवर गॅरेजांत काम केलेल्या पिढ्यांनी, त्यांत अल्पवयीन मुलेही आली, आपल्या कौशल्याची किंमत प्रकृतीने मोजली. या ज्ञानाची नोंद करताना ही बाजू वगळता येणार नाही.

६. सीएनजी, इंजेक्शन आणि संकेतांक

कार्बोरेटरची सद्दी संपविली ती हवेच्या प्रदूषणाने. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धती १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली होती. परंतु भारतात तिचा प्रसार उत्सर्जनाचे निकष कडक होईपर्यंत झाला नाही. पेट्रोल वाहनांसाठी पहिले निकष १९९१ मध्ये आले. १ एप्रिल २००० पासून युरोपातील पहिल्या टप्प्याच्या तोडीचे निकष देशभर लागू झाले. २००२ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वाहन-इंधन धोरणाचा आराखडा सादर केला. मुंबईत १९९९ मधील जनहित याचिकेच्या निमित्ताने उच्च न्यायालयाच्या आदेशाने समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणण्याची प्रक्रिया सुरू झाली. पद्मिनी टॅक्सींच्या मागच्या बाजूस सीएनजीचे सिलिंडर आले.

यामुळे एक विचित्र अवस्था निर्माण झाली. पेट्रोलचा संपूर्ण मार्ग गाडीत कायम होता, पण तो क्वचित वापरला जाई. न वापरलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर जमतो आणि डायफ्रॅम कोरडे पडून तडकतो. वापराने झिजणाऱ्या भागांची ओळख असलेल्या मिस्त्रीला आता न वापरल्याने बिघडणाऱ्या भागांचा विचार करावा लागला.

इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत बुडवून बसविलेला असतो आणि दाब दर चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या आसपास असतो. पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलले जात असल्याने व्हेपर लॉकचा त्रास जवळजवळ नाहीसा झाला. नळी सोडवून बाटलीत धरण्याची जुनी रीत मात्र आता धोक्याची ठरली. भारतात एप्रिल २०१० पासून वाहनांत स्वयंनिदान प्रणाली टप्प्याटप्प्याने आवश्यक करण्यात आली आणि दोष संकेतांकाच्या रूपात वाचता येऊ लागला. वासाची आणि आवाजाची जागा अंकांनी घेतली.

तथापि संकेतांक म्हणजे निदान नव्हे. ‘पी ०१७१’ हा संकेतांक मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे सांगतो. ते फिल्टर तुंबल्याने, पंप थकल्याने, इंजेक्टर चोंदल्याने की कोठून तरी जास्तीची हवा शिरल्याने, हे तो सांगत नाही. पांढुरका प्लग जे सांगत होता तेच हा अंक अधिक नेमकेपणाने सांगतो. पुढचा शोध पूर्वीच्याच क्रमाने घ्यावा लागतो. बदलले ते एवढेच की प्लग कोणालाही काढून पाहता येत होता. संकेतांक वाचण्याचे उपकरण, त्याची प्रणाली आणि दुरुस्तीची पुस्तिका मात्र उत्पादकाच्या ताब्यात असू शकते.

हा प्रश्न काल्पनिक नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने चौदा मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होता. या आदेशाला पुढे आव्हान देण्यात आले. परंतु निदानाचे ज्ञान ही बाजारपेठेतील सत्तेची बाब असल्याचे त्यातून अधिकृतपणे नोंदले गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या संकल्पनेची चौकट तयार करण्यासाठी समिती नेमली. तिच्या विचारार्थ घेतलेल्या क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता.

७. जुनी गाडी, नवे इंधन

जुन्या निदानाची गरज आता संपली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प झाले. साखर उद्योगाशी निगडित असलेला हा कार्यक्रम जून २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रणापर्यंत पोहोचला आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. खनिज तेलाची आयात घटविणे आणि ऊस उत्पादकांना आधार देणे ही त्यामागील उद्दिष्टे होत.

परंतु कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला हे इंधन अनोळखी आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने ठरावीक छिद्राच्या जेटमधून आलेले मिश्रण अधिक विरळ होते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की त्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या टाकीतील साचलेला थर ते सैल करते आणि फिल्टर तुंबतो. जुन्या प्रकारच्या रबराचे डायफ्रॅम व नळ्या त्यामुळे फुगू किंवा तडकू शकतात. इंजेक्शनची गाडी आपल्या संवेदकांच्या साहाय्याने मिश्रणात काही प्रमाणात सुधारणा करून घेते. कार्बोरेटरला ती सोय नाही. त्याच्या वतीने ते काम मिस्त्रीलाच करावे लागते. म्हणजे नव्या धोरणाने जुन्या ज्ञानाची गरज पुन्हा निर्माण केली आहे, आणि ती नेमकी ते ज्ञान असणारी पिढी निवृत्त होत असताना.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, या गाडीचे मुंबईच्या रस्त्यावरील टॅक्सी म्हणून अस्तित्व संपले. वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली ती प्रामुख्याने स्मरणरंजनाच्या अंगाने. ती गाडी संग्रहालयात जतन करता येईल. तिची ऑइलची पट्टी हुंगून डायफ्रॅमविषयी सांगणाऱ्या माणसाचे ज्ञान मात्र त्याच्याबरोबर जाणार आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, इंधनपुरवठ्याच्या प्रत्येक रचनेने स्वतःचे दोष आणि ते ओळखणारी स्वतःची माणसे निर्माण केली. म्हणून दोषांचा इतिहास हा त्या माणसांचाही इतिहास आहे. दोन, भारतात हे ज्ञान गॅरेजात दीर्घकाळ टिकले, कारण मर्यादित बाजारपेठ आणि न बदलणारे नमुने यांनी अनुभवाला दीर्घायुष्य दिले. तीन, संगणकीय निदानाने कारणमीमांसेची गरज नष्ट केली नाही. तिच्या पहिल्या पायरीचे दार मात्र कोणाच्या तरी ताब्यात दिले. चार, इंधनातील बदलांमुळे जुन्या निदानपद्धतीला आजही व्यावहारिक मूल्य आहे.

यातून महाविद्यालयांसमोर एक निश्चित काम उभे राहते. आपापल्या तालुक्यातील वयोवृद्ध मिस्त्रींच्या मुलाखती, त्यांचे शब्द, त्यांच्या चाचण्या आणि त्यांनी सोसलेले आजार यांची नोंद इतिहास, मराठी आणि भौतिकशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ध्वनिमुद्रणाची साधी सोय आणि गॅरेजात जाऊन बसण्याची तयारी पुरेशी आहे. लिखित साधनांअभावी हा इतिहास अशक्य आहे, असे म्हणण्यापूर्वी तो सांगू शकणारी माणसे अद्याप आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. ही संधी फार काळ उपलब्ध राहणार नाही.